निशाण लवते तो दिवस

वाघझरी, ता. केळापूर
५ जानेवारी २०२६

वामन,

पाकीट पाहून दचकू नको. कोणी मेलं नाही. मी बी धडधाकट आहो अन् तुही वहिनी तं माह्यापेक्षा धडधाकट आहे. आशीर्वाद लिवणार होतो, पण तुले ते चालतीन का नाही ठाऊक नाही, म्हणून वर एक ओळ मोकळी सोडली. लागत असतीन तं तुह्या हातानं लिवून घे.

फोन काहून नाही केला म्हणशीन. तू उचलला नसता. अन् उचलला असता तं म्याच ठेवून देल्ला असता. कागदाचं बरं असते, मधात कोणी बोलत नाही.

काम आहे म्हणून लिवून राह्यलो. तू पुसदले जिंदगीभर मास्तरकी केली, शाळेच्या कायद्याचं तुले समजते. मले एकच सांग. शाळेत तिरंगा चढला असन तं त्याच्या बाजूले त्याच्यापेक्षा उंच दुसरं कोणतंच निशाण नाही पाहिजे, असा कायदा खराच आहे का? का आमच्या मास्तरीणबाईच्या डोक्शातून निंगालं हे?

मास्तरीणबाई म्हणजे माही सून, अर्पिता. पियुषचं लगन झालं हे तुले कोणी तरी सांगतलंच असन, पत्रिका तं म्या धाडली होती. पियुष लोहाऱ्याले कंपनीत आहे, शनिवारी येते. सून यवतमाळची, तिच्या घरचे समदे कचेरीतले लोकं. आपल्याच गावच्या झेडपीच्या शाळेवर हेडमास्तरीण झाली. बरं चालू होतं. सकाळी चहा ठेवते, मले 'बाबा' म्हणते, पोट्ट्यायचे पाढे घेते. आता पाह्य काय झालं.

यंदा वाघामायची जत्रा, माघाची अष्टमी, नेमकी सव्वीस जानेवारीले आली. मायचा ओटा कोठी आहे हे तुले सांगाले नको. आधी ओटा होता, मंग बाजूले शाळा झाली, मंग सरकारनं भिंत घातली ते ओट्याच्या मागून. म्हणजे माय बी आता शाळेतच बसते. निशाणाचा खड्डा अन् झेंड्याचा खांब, दोनीच्या मधातून एक बैलगाडी जाईन एवढीच जागा. अन् आपल्या निशाणाचा वेळू त्या खांबाच्या दुप्पट. अष्टमीले दिवस निंगताच तो उभा होते, तं पुनवेलोक उतरत नाही.

सून मले जेवताना म्हणते, "बाबा, त्या दिवशी झेंडा वर असेपर्यंत आवारात त्याच्याहून उंच निशाण नको. शेजारी बरोबरीनंही नको. ध्वजसंहितेत स्पष्ट आहे, आणि शाळेची जबाबदारी माझ्यावर आहे."

म्या म्हटलं, "पोरी, हे निशाण तुह्या संहितेच्या आधीचं आहे."

"असेल, बाबा. पण शाळा सरकारची आहे," म्हणे, अन् पोळी वाढली मले. रागानं म्या खाल्ली नाही. म्हणजे एकच खाल्ली.

मले राग कायचा आहे सांगू? निशाणाचा मान आपल्या घरचा. आजा बांधे, बाप बांधे, आता मी बांधतो. अन् ज्या घरचा मान, त्याच घरची सून म्हणते नको! गावात मी तोंड कसं दाखवू?

कायदा खरा असन तं तसं लिव. खोटा असन तं लवकर लिव.

तुहा भाऊ,
नानाजी


१२ जानेवारी

वामन,

तुहं कार्ड भेटलं. "कायदा खरा आहे. सून बरोबर आहे. वामन." बस! इतके वर्षं झाले, अन् तुह्या पोटातून एवढंच निंगालं? तिकीट तं पुऱ्या कार्डाचं लावलं होतं ना बावा? मंग बाकीचं कार्ड कोरं कायले धाडलं? तुह्या वहिनीनं उलटंपालटं करून पाह्यलं, मागं काही लिवलं आहे का म्हणून.

काल ग्रामपंचायतीत सभा झाली. सरपंच रुपीबाई आत्राम, कोलामायच्या वस्तीवरची, पोडावरची. बाई कमी बोलते, पण टेबलावर हात आपटला का समदे चूप बसते. तिच्या समोर विक्की उभा. विक्की म्हणजे मोबाइलच्या दुकानवाला, जत्रेच्या मंडळाचा अध्यक्ष. पोट्ट्यानं यंदा आणखीच लंबा वेळू आणला, आदिलाबादकडून, टेम्पोत घालून. अन् मले म्हणे, "नानाजी, असं निशाण पांढरकवड्यातून दिसलं पाहिजे." दिसते का बे पांढरकवड्यातून? मधात जंगल आहे.

तो सभेत म्हणे, "मॅडम बाहेरच्या आहेत, त्यायले मायचं काय! बदली मागा."

मॅडम माह्या घरची आहे रे टोणग्या! माह्या सुनेले बोलायचं तं मी बोलीन, तू कोण? पण हे म्या मनात म्हटलं.

सून उभी राह्यली. तिच्या हातात ते संहितेचं पुस्तक. म्हणे, "मी निशाण नको म्हणत नाही. पुनवेपर्यंत राहू द्या. फक्त सव्वीसला, झेंडा चढल्यापासून उतरेपर्यंत. तेवढा वेळ फक्त."

विक्की म्हणे, "एकदा उभं झालेलं निशाण मधात उतरवलं तं माय कोपते. गावाचं काही झालं तं तुम्ही भरून देता का?"

ती म्हणे, "निशाणाचा तुमचा नियम आहे, तसा झेंड्याचाही आहे. झेंडा लववतासुद्धा येत नाही. कोणाहीपुढं नाही, कशाहीपुढं नाही."

मले राहवलं नाही. म्या बसल्या जागून विचारलं, "काहून व, मायपुढं बी नाही?"

पुऱ्या गावासमोर तिनं माह्याकडे पाह्यलं. "नाही, बाबा."

वामन, आपल्या घरात कोणी मले असं तोंडावर 'नाही' म्हटलं नव्हतं. एक तू होता. मले संताप आला, अन् त्याच वक्ती, कोणाले सांगू नको, छाती फुगली. समोर पुरी सभा, अन् पोरगी एकटी. खाली बसली नाही.

मंग विक्कीनं बदलीचा अर्ज काढला. म्हणे, "पहिली सही मानकऱ्याची. नानाजी, या." म्या म्हटलं, "चष्मा घरी राह्यला." तो म्हणे, "मंग उद्या करा. नाही केली तं मंडळ मान दुसऱ्या घरी देईन."

म्हणजे समजलं का तुले? सही केली तं सून जाते. कोठी टाकतीन तिले, कोण्या टोकाले, देव जाणे. नाही केली तं बापाचा मान जाते. बाप मरताना माह्या हाती निशाण देऊन गेला, त्याले मी काय सांगू?

घरी आल्यावर तुही वहिनी म्हणे, "चष्मा खिशात होता तुमच्या."

"तं?"

"काही नाही. बरं केलं." अन् चूल फुंकता फुंकता म्हणे, "माय वाघावर बसते. तिले उंचीचं काय कौतुक? उंची तुमाले पायजे."



नानाजी


१८ जानेवारी

वामन,

यावेळी तुहं कार्ड आलं नाही. नको येऊ दे. मले सुचलं.

वावरात कापसाचा शेवटला वेचा चालू होता. मी धुऱ्यावर बसून सुनेचं ते एकच वाक्य चघळून राह्यलो होतो. झेंडा कोणापुढं लवत नाही. कोणापुढंच नाही. मोठा आला शहाणा! आमच्या मायचं निशाण बी लवते, अन् याले काय झालं? असं मनात आलं, अन् मी तिथंच थांबलो.

आपलं निशाण लवते!

विसरला तं नाहीस ना? पल्याडच्या गावची थोरली माय पालखीत बसून लहानीच्या, म्हणजे आपल्या मायच्या, भेटीले येते, तवा थोरलीची पालखी टेकेलोक आपलं निशाण लवलेलं राहते. वेळूचा पाय खड्ड्यातच राहते, दोर ढिला सोडत सोडत शेंडा जमिनीले लावते. थोरली बसली का मंग परत उभं. खड्डा एका आंगानं उतरता खणला आहे तो त्याच्यासाठीच. लवणं म्हणजे उतरणं नाही, हे आजा सांगे. थोरलं आलं तं लहान्यानं लवायचं, त्यात कायचा कमीपणा?

तडक पंचायतीत गेलो. रुपीबाई होती, विक्की होता, चार लोकं होते. म्या म्हटलं, "जो कोणापुढं लवत नाही तो थोरला. मले एवढं समजते. थोरला आला का आपलं निशाण लवते, हे आपल्या बापजाद्यायचं आहे, माह्या सुनेचं नाही. सव्वीसले दिवस निंगता निशाण उभं होईन. झेंडा चढायच्या आधी लवीन. झेंडा उतरला का परत उभं. माय कोपली तं माह्या घरावर कोपीन, मानकरी मी आहो."

रुपीबाईनं टेबलावर हात आपटला. म्हणे, "झालं. लिवा."

विक्की म्हणे, "अन् बदलीचा अर्ज?"

म्या चष्मा काढला, लावला, अर्ज वरून खालपर्यंत पाह्यला. म्हटलं, "चष्मा लावून पाह्यलं बावा, पण सही कराची जागा काही दिसत नाही मले." लोकं असे हासले! विक्की बी हासला शेवटी. वाईट नाही पोट्टा, बह्याड आहे निरा.

घरी येऊन सुनेले सांगतलं. तिचे डोये भरून आले. म्या म्हटलं, "रडतं कायले, चहा ठेव." ती चहात साखर टाकाची विसरली, म्या तसाच पेलो.

आता अडचण आहे ते सांगतो. निशाण उभं कराले कोणीही चालते. लववाले मात्र दोघं घरचेच पायजे, एक पायाशी अन् एक दोरावर. बापानं आपल्याले दोघायले उभं करून शिकवलं होतं. मी पायाशी, तू दोरावर. तू गेल्यापासून आपलं निशाण लवलं नाही. थोरलीची पालखी बाहेरच्या बाहेर भिंतीपासून वापस जाते. लोकं कारण विचारते, मी म्हणतो रस्ता खराब आहे.

त्या साली तुही गाडी उशिरा आली अन् म्या शेजारच्या उकंडाच्या हाती तुहा दोर देऊन निशाण उभं केलं. मुहूर्त होता, मी काय करू? मुहूर्त कोणासाठी थांबत असते का? तू बॅगही खाली ठेवली नाही. तसाच वापस. जाऊ दे. उकंडा गेला बिचारा, दोन वर्षं झाले. मरेलोक म्हणे, 'नानाजी, तो दोर म्या धराले नोता पायजे.'

पियुषले डॉक्टरनं वजन उचलाले मनाई केली आहे, पाठीचं दुखणं. म्हणजे घरात मी एकटा.

मी तुले बोलावून नाही राह्यलो. सांगून राह्यलो. पुसदहून पहिली गाडी कितीले सुटते ते म्या पांढरकवड्याच्या स्टँडवर विचारून ठेवलं, उगाच.

नानाजी


२७ जानेवारी

चि. वामनले अनेक आशीर्वाद.

यावेळी म्याच लिवले.

तू काल आला, पण सकाळ तुले दिसली नाही, म्हणून ते आधी लिवतो. तुले ठाऊक पायजे.

दिवस निंगता निशाण उभं केलं. विक्कीचा तो लंबा वेळू, चार पोट्ट्यायचा दम निंगाला. मंग मी फाट्यावर जाऊन उभा राह्यलो. वहिनीले सांगतलं, तंबाखू आणाले चाललो. एक गाडी आली, तू नाही. दुसरी आली, तू नाही. वापस आलो तं शाळेच्या पटांगणात पोट्टे ओळीत उभे, सून पांढऱ्या साडीत खांबापाशी. म्या तिले हळूच म्हटलं, "उलसक थांबता येईन का व?"

"मी थांबले असते, बाबा. झेंड्याची वेळ थांबत नाही." तिचं तोंड उतरलं होतं, पण बोलली तेच. मले चिडाचं होतं. चिडता आलं नाही. मी बी एकदा कोणाले हेच म्हटलं होतं.

दोर कोण धरते? विक्की पुढं आला. म्या म्हटलं, "मांगं हो, घरचंच पायजे." तेवढ्यात तुही वहिनी बायायतून उठली, पदर खोचला, अन् दोर हातात घेतला. कोणी तरी म्हणे, "बाईमाणूस?" म्या म्हटलं, "वच्छलापेक्षा माह्या घरचं कोण आहे, दाखवा बरं!"

मी पायाशी बसलो. तिनं दोर ढिला केला, उलसा उलसा, दात आवळून. तिच्या तळहाताचं सालटं निंगालं, पण झटका बसू देल्ला नाही. निशाण लवलं, वामन. इतक्या वर्षानं लवलं. शेंडा मातीले लागला तवा बायायनं हळदकुंकू वायलं. मी माह्या बायकोकडे पाहून राह्यलो होतो. लगनात बी एवढं पाह्यलं नव्हतं.

मंग रुपीबाईनं झेंडा चढवला. कसा? झपाट्यानं. सून म्हणते, चढवाचा झपाट्यानं अन् उतरवाचा सावकाश, असाच नियम आहे. पोट्टे गायले. पोडावरचे म्हातारे, जत्रेचे फुगेवाले, विक्कीचं मंडळ, समदे सरळ उभे. त्या पटांगणात एकच झेंडा वर होता, अन् बाजूले माय, तिचं निशाण लवलेलं. 'भारत माता की जय' सगळ्यात मोठ्यानं कोण वरडलं असन? विक्की! त्याचा घसा अजून बसला आहे. मले रडू आलं. लपवलं नाही म्या. माह्या घरच्या मानानं अन् माह्या घरच्या सुनेनं एकाच दिवशी आपापलं काम केलं, कोणालेच मागं हटावं लागलं नाही. असा दिवस बापाले बी भेटला नव्हता.

आता संध्याकाळचं. ते तुले अर्धंच ठाऊक आहे.

दिवस कलला. सून झेंडा उतरवाले लागली, सावकाश. मी फाट्याकडे पाहून राह्यलो होतो. मनात म्हणत होतो, आणखी सावकाश उतरव पोरी, आणखी सावकाश. तिनं बी पाह्यलं माह्याकडे. नियमात बसते तेवढा सावकाश उतरवला तिनं. मंग घडी केली, छातीशी धरून आत नेली.

निशाण उभं कराची वेळ झाली. लोकं म्हणे, "चला नानाजी, दिवेलागणीच्या आत उभं झालं पायजे." विक्कीनं दोर उचलला. आता तं कोणीही चालत होतं. म्या म्हटलं, "ठेव खाली."

"काहून?"

"माहा भाऊ येऊन राह्यला."

"फोन आला का?"

"नाही."

कोणी म्हणे, मुहूर्त चालला. म्या म्हटलं, चालला तं चालू द्या! मानकरी कोण आहे, मी का मुहूर्त? अन् खड्ड्याच्या कडेले मांडी घालून बसलो. लोकं कुरकुरले. वहिनीनं सगळ्यायले चहा पाजला. सून येऊन माह्या बाजूले खालीच बसली, त्याच पांढऱ्या साडीत, मातीत.

अन् मंग तू भिंतीच्या फाटकातून आला. बॅग खांद्यावर. परत उशिराच आला!

गाडी यवतमाळले बंद पडली हे मले मांगून विक्कीनं सांगतलं, त्याच्याजवळ बोलला म्हणे तू. माह्यासंग तं बोलला नाहीस. माह्याकडे पाह्यलं, निजलेल्या निशाणाकडे पाह्यलं, अन् बॅग खाली ठेवली. ते बॅग खाली ठेवलेली पाहून मले जे वाटलं ते लिवता येत नाही. तू दोर धरला, मी पाय धरला, अन् तो एवढा वजनदार वेळू कसा सरसर उभा झाला! मी बसल्या बसल्या वर पाहत राह्यलो. दोराची गाठ तू मारली, आपल्या बापाची, उलट्या फेऱ्याची. मले ते कधीच जमली नाही, हे तूच लोकायले सांगत फिरे.

मी हात धुवाले वळलो, तं तू विक्कीच्या गाडीवर बसून चालला बी! वहिनीनं ताट वाढलं होतं. सुनेनं तुह्यासाठी पुरण ठेवलं होतं, तिच्या बापासंग बोलली नसन एवढं ती तुह्यासंग कायदा बोलणार होती. असा रे कसा तू?

बरं, आता कामाचं लिवतो.

रविवारी पुनव आहे, निशाण उतरवाचं. अन् ज्यानं गाठ मारली त्यानंच सोडाची, दुसऱ्याचा हात लागू नये, हे तुले बापानंच सांगतलं आहे. गाठ तुही आहे. म्या हात लावला नाही, लावणार बी नाही. विक्कीले बी तंबी देल्ली आहे. वहिनी म्हणते, राहाच्या हिशोबानं ये, एक धोतरजोडी जास्तीची आण.

नाही आलास तं निशाण तसंच उभं राहीन. मे महिन्याच्या एक तारखेले महाराष्ट्र दिन आहे, सुनेले शाळेत परत झेंडा लावाचा आहे, अन् बाजूले तुह्या गाठीचं निशाण दुप्पट उंच. मंग काय कराचं ते तूच पाह्य. कायदा खरा आहे, सून बरोबर आहे, हे तुह्याच हातानं लिवून आलं आहे. कार्ड म्या जपून ठेवलं आहे.

तुहा दादा,
नानाजी